पॉलिश पेपर आणि परिक्रमा

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडली की मांडवी ओलांडून माणूस दिवाडी बेटावर उतरतो. खाजणं, भातशेती, टेकडीवरचं पांढरं चर्च, आणि पाण्याला लागून रत्नाकर दांडेकर यांचा अ‍ॅक्वेरियस हा फायबरग्लासच्या बोटी बांधणारा कारखाना. मोठ्या गोदीचा थाट इथे नाही. पण एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीला वळसा घालून आलेला पहिला भारतीय ज्या नौकेवर बसून गेला, ती ‘म्हादेई’ याच ठिकाणी आकाराला आली. कमांडर दिलीप दोंदे यांची ही परिक्रमा वर्तमानपत्रांतून पुष्कळ गाजली. छायाचित्रं मात्र बहुतेक फुगलेल्या शिडांची होती. अंगभर काचेचा भुगा माखलेल्या कारागिरांचं छायाचित्र पहिल्या पानावर कोण छापणार?

दोंदे यांनी या मोहिमेला होकार दिला तो २७ एप्रिल २००६ रोजी. मुंबईहून ते निघाले १९ ऑगस्ट २००९ ला आणि परतून मुंबईत शेवटची रेषा ओलांडली १९ मे २०१० ला. म्हणजे तयारीला तीन वर्षं चार महिने आणि प्रवासाला नऊ महिने. त्या नवातलेही प्रत्यक्ष समुद्रावर गेलेले सुमारे पाचच. उरलेले चार बंदरांत, धक्क्याला बांधलेल्या नौकेवर, हातात पाना घेऊन गेले. शिडाच्या नौकेवरचं आयुष्य म्हणजे वारा, एकांत आणि सूर्यास्त, असं ज्यांच्या मनात असेल त्यांनी हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा.

मोहिमेची कल्पना व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. १९७१ च्या युद्धात ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचं नेतृत्व करून वीरचक्र मिळवलेला हा दर्यावर्दी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे समुद्रापासून चांगलाच दूर, राहत होता. तिथे बसून त्यांनी एक हट्ट धरला: भारतीय माणसाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, एकट्याने जगप्रदक्षिणा करावी. हट्टाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड होता. धाडसी अधिकारी नौदलात शोधला तर सापडतो. महासागरात जाऊ शकेल अशी शिडाची नौका बांधण्याचा अनुभव असलेला कारखाना मात्र तेव्हा देशात शोधूनही सापडण्यासारखा नव्हता.

दोंदे नौदलातले पाणबुडे. महासागरी नौकानयन शिकायचं म्हणून २००६ मध्ये त्यांना इंग्लंडला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे पाठवलं गेलं. १९६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारणारा पहिला माणूस तो हाच. सर रॉबिन त्या वेळी सदुसष्ट वर्षांचे होते आणि ऑक्टोबरमध्ये बिल्बाओहून सुरू होणाऱ्या एका एकलस्पर्धेच्या तयारीत बुडालेले होते. साहजिकच शिष्याच्या वाट्याला आली ती शर्यतीआधीची कामं. ही चीज बसव, ती खोल, हे साफ कर, ते पुन्हा बसव. वर्गात बसून कोणी त्यांना धडे दिले नाहीत. पण नौका समुद्रात जाण्याआधी माणसाला किती पिळून काढते हे त्यांनी तिथे पाहिलं, आणि पुढे दिवाडीवर त्याचाच उपयोग झाला.

‘म्हादेई’चा आराखडा डच होता, व्हॅन डी स्टाट या कार्यालयाचा ‘टोंगा ५६’. नौकेचं अंग लाल सिडारच्या पट्ट्यांचं. या पट्ट्या साच्यावर एकीला एक चिकटवत जायचं, मग आतून-बाहेरून काचेच्या कापडाचे थर इपॉक्सीत भिजवून चढवायचे. लाकूड मध्ये, काच दोन्ही बाजूंना. हलकेपणा लाकडाचा आणि ताकद काचेची. ऐकायला सोपं वाटतं. पण इपॉक्सी हा मोठा तापट पदार्थ आहे. राळ आणि तिला घट्ट करणारं रसायन यांचं प्रमाण थोडं चुकलं तर ती वाळतच नाही. हवेत दमटपणा जास्त असला तर पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि पुढचा थर त्याला धरत नाही. गोव्याच्या पावसाळ्यात हवा कशी असते ते वेगळं सांगायला नको. थर वाळला की घासायचा, पुन्हा थर, पुन्हा घासायचं. पॉलिश पेपर संपतात, काम संपत नाही. काचेची कूस कॉलरमधून, बाहीतून आत शिरते आणि अंघोळीनंतरही अंग खाजत राहतं.

या काळात दोंदे नुसते ग्राहक म्हणून येऊन-जाऊन नव्हते. बांधणीवर देखरेख हेच त्यांचं काम झालं होतं. कारण सरळ होतं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नच्या अलीकडे काही मोडलं तर कारागीर येणार नाही. भिंतीमागून कोणती वायर कुठून गेली आहे, कोणत्या बोल्टखाली काय आहे, टाकीचा नळ कोणत्या फळीआड आहे, हे ज्याला अंधारात हाताने चाचपून कळतं तोच तिथे टिकतो. १२ फेब्रुवारी २००९ ला नौका नौदलाच्या ताब्यात आली. दोंदे आणि दांडेकर यांचं नातं तोवर ग्राहक आणि कारखानदार यांच्यापलीकडे गेलं होतं, आणि परिक्रमेच्या यशात या दोस्तीचा वाटा मोठा आहे. कंत्राटाच्या कागदावर बांधलेली बोट कंत्राटाच्या अटींइतकीच मजबूत असते, असं म्हटलं तर ते फारसं चूक ठरू नये.

किनाऱ्यावरच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कोकणात जून लागला की होड्या पाण्याबाहेर येतात. आता १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी मासेमारीबंदी असते, पण तिच्या कितीतरी आधीपासून पावसाने हे वेळापत्रक ठरवून दिलेलं होतं. होडी ओढून किनाऱ्यावर घ्यायची, झापांनी शाकारायची, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, फटी भरायच्या, तेल द्यायचं, जाळी विणायची. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिला की मग होडी पुन्हा पाण्यात. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने नौका दुरुस्तीची आणि नाखवा घरच्यांचा. दुरुस्तीचा काळ आणि घरच्यांचा काळ हे कोकणात एकच आहेत. मोठ्या जहाजांनाही दुरुस्तीची जागा लागतेच: विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे आंग्र्यांच्या आरमाराची म्हणून दाखवली जाणारी जुनी गोदी आहे. किल्ले पाहायला माणसं गर्दी करतात, गोदीकडे सहसा कोणी फिरकत नाही.

दोंदे यांना हे वेळापत्रक उलटं धरावं लागलं. केप हॉर्न गाठायचं ते दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात, डिसेंबर-जानेवारीच्या सुमाराला. म्हणून मुंबई सोडायची ती पावसाळा सरण्याआधी. २००९ ची नारळी पौर्णिमा ५ ऑगस्टला होती, गणेश चतुर्थी २३ ला. मुंबईतला कोकणी माणूस एसटीची तिकिटं हातात धरून गावाकडे निघण्याच्या गडबडीत होता, आणि हा माणूस चतुर्थीला चार दिवस राहिलेले असताना घराकडे पाठ करून निघाला.

समुद्रावर नौकेचं नेमकं काय बिघडतं? खरं तर सगळंच, पण आपापल्या गतीने.

सर्वांत मोठा शत्रू वादळ नसून घर्षण. एखादा दोर कप्पीतून किंवा कठड्याच्या कडेवरून जातो आणि नौका हलते तसा बोटभर पुढे-मागे सरकतो. दिवसातून हजारो वेळा. संध्याकाळी धडधाकट दिसलेला दोर सकाळी अर्धा तुटलेला असतो. म्हणून उजाडल्यावर पहिलं काम चहा नव्हे, फेरी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि खाली पाहायचं. डेकवर एखादी स्टीलची पिन किंवा नट पडलेला दिसला तर तो वरून कुठून निखळला हे शोधेपर्यंत चैन पडू द्यायचं नाही, कारण पंचवीस मीटरची डोलकाठी अशाच बोटभर पिनांवर उभी असते. मग शिडं. उन्हाने कापडाआधी शिवणीचा दोरा जळतो. कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, असं होतं. तेव्हा सुई, मेण लावलेला दोरा आणि तळहातावर चामड्याचा पट्टा घेऊन डोलत्या जमिनीवर शिवत बसायचं.

खारं पाणी तर आतल्या आत काम करतं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात वीज वाहू लागते आणि त्यातला हळवा धातू झिजत जातो. म्हणून नौकेच्या बुडाला, पंख्याजवळ, जस्ताचे तुकडे मुद्दाम बसवतात. जस्त झिजावं आणि पंखा वाचावा. हे तुकडे संपले की बदलायचे, आणि त्यासाठी नौका पाण्याबाहेर काढायची किंवा खाली बुडी मारायची. बुडाला शेवाळ आणि शिंपल्यांचा थर चढला की वेग घटतो, त्यालाही हाच उपाय. बॅटऱ्या, पाण्याचे पंप, सुकाणूचे सांधे, ऑटोपायलट यांची यादी वेगळीच. शिडाच्या नौका बाळगणाऱ्यांत एक ठोकताळा सांगतात, की नौकेच्या किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीसाठी काढून ठेवावा. पैशांचं असं गणित मांडता येतं. वेळेचं गणित कोणी मांडत नाही, मांडलं तर नौका विकावी लागेल.

‘म्हादेई’चे थांबे चार होते: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन. बंदर दिसलं की माणसाला वाटतं आता गादी, गरम पाणी, ताजी भाजी. तेही असतंच. पण धक्क्याला दोर बांधून होईपर्यंत समुद्रावर लिहीत आणलेली कामांची यादी खिशातून बाहेर आलेली असते. शिडं उतरवून शिवायला धाडायची. कोणी तरी डोलकाठीच्या टोकापर्यंत चढून प्रत्येक सांधा बोटांनी तपासायचा. इंजिनाचं तेल, गाळण्या, पट्टे. खाण्याचे डबे नव्याने भरायचे. दोंदे यांच्यासाठी किनाऱ्यावरची ही बाजू सांभाळणारा तरुण अधिकारी होता अभिलाष टॉमी. पुढे त्याचं नाव गुरूइतकंच मोठं झालं, पण त्याची उमेदवारीही सुटे भाग, पाने आणि याद्या यांतूनच सुरू झाली.

याच थांब्यांवर माणसं भेटायला येतात. नौदलाच्या मोहिमांना त्या-त्या शहरातले भारतीय, दूतावासाची मंडळी, यॉट क्लबाचे सभासद येऊन भेटतात. घरचं जेवण होतं, भाषणं होतात, फोटो निघतात. जे हौसेने कुटुंबासह वर्षानुवर्षं नौकेवर राहतात त्यांच्याकडे आई-वडील, भावंडं, नातवंडं पाहुणी म्हणून येतात. अशा लोकांत एक नियम पक्का आहे: पाहुण्याला एक तर ठिकाण सांगता येतं नाही तर तारीख, दोन्ही सांगता येत नाहीत. वारा कोणाच्या विमानाच्या तिकिटासाठी थांबत नाही. घाईने गाठायला गेलं की नको त्या हवेत निघावं लागतं, आणि नको त्या हवेत निघालं की काही तरी मोडतं. मग पाहुणे येतात तेव्हा यजमान डेकखालच्या खोबणीत अर्धा शिरलेला असतो, नुसते पाय बाहेर. आतून आवाज येतो: “आई, तो बारा नंबरचा पाना दे गं जरा.” आईला मुलाचं तोंड दिसायच्या आधी त्याच्या पान्यांचा डबा पाहावा लागतो. बाहेरच्याला हे विनोदी वाटेल. पण दोन पिढ्यांना एकत्र घालवायला मिळालेले आठ दिवस जर दुरुस्तीत जाणार असतील, तर पाहुण्यांनीही हात काळे करावेत हे बरं. नुसतं बसून समुद्र पाहणाऱ्या पाहुण्याला तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, आणि नौकेवर कंटाळून जायला दुसरी खोली नसते.

घरचा माणूस नौकेवर कामाला लागला याचं एक उत्तम उदाहरण मुंबईचंच आहे. नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ ही ३२ फुटी सागवानी नौका १९६० च्या दशकात मुंबईत, कुलाब्याला बांधली गेली. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणाऱ्या या तरुण अधिकाऱ्याने ती इथल्या सुतारांकडून, हातहत्यारांनी बांधून घेतली. डिसेंबर १९६५ मध्ये ती इंग्लंडकडे निघाली तेव्हा नौकेवर त्यांचा सख्खा भाऊ आणि एक मित्र होते. डर्बनला पोहोचेपर्यंत पैसे संपले. तिघांनी तिथे महिनोन्‌महिने मिळेल ती कामं केली, पैसे साठवले, नौका ठाकठीक केली आणि मग पुढे निघाले. भावाबरोबर केलेल्या या रखडत्या प्रवासात नौकेचा कणन्‌कण रॉबिनना कळला. जून १९६८ मध्ये ते एकट्याने, न थांबता जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत निघाले तेव्हा थोड्याच दिवसांत बुडाजवळच्या फटीतून पाणी आत येऊ लागलं. अटलांटिकच्या मध्यावर ते स्वतः पाण्यात उतरले, फटीत कापूस ठोकायचा प्रयत्न केला. जमेना, तेव्हा कापूस कॅनव्हासच्या पट्टीला शिवला, ती पट्टी खिळ्यांनी फटीवर बसवली आणि वरून तांब्याचा पत्रा. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला गोळी घालून पुन्हा काम. त्या शर्यतीत नऊ नौका निघाल्या होत्या. परत पोहोचली ती एकटी ‘सुहैली’. बाकीच्या बऱ्याच नौका तिच्याहून वेगवान होत्या, हे इथे नमूद करायला हवं.

अभिलाष टॉमी १ नोव्हेंबर २०१२ ला ‘म्हादेई’ घेऊन मुंबईहून निघाले ते न थांबता परत आले, ३१ मार्च २०१३ ला. १५१ दिवस. दोंदे यांच्या चार बंदरांतली सगळी कामं आता चालत्या नौकेवरच करायची होती. म्हणजे बंदर गाळलं, तरी बंदरातली यादी गाळता येत नाही. प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळल्याचं लक्षात आलं आणि उरलेलं पाणी मोजून प्यायची पाळी आली.

पुढे, १९६८ च्या त्या शर्यतीच्या स्मरणार्थ भरलेल्या २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते ‘थुरिया’ घेऊन उतरले. ती ‘सुहैली’ची प्रतिकृती, बांधली दिवाडीलाच. दक्षिण हिंदी महासागरात २१ सप्टेंबरला वादळाने नौका उलटली, डोलकाठी मोडली, अभिलाष यांच्या पाठीचा कणा दुखावला. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचललं. मणक्यांत टायटॅनियमच्या सळया बसवाव्या लागल्या. इथे माणसाचीच दुरुस्ती करावी लागली. चालायला पुन्हा शिकावं लागलं. आणि तरी सप्टेंबर २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीला पुन्हा उभे राहिले. वाऱ्यावर आपोआप सुकाणू धरणारं यंत्र वाटेत मोडलं तेव्हा नौकेवरचं सापडेल ते लाकूड कापून त्याची पाती करण्यात आली, त्यात शौचालयाचं दारही गेलं. सोळा जण निघाले होते, मुख्य गटात पूर्ण करणारे तिघेच. पहिली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, दुसरे अभिलाष, २९ एप्रिल २०२३ ला, २३६ दिवसांनी. दाराविना काढलेल्या त्या महिन्यांबद्दल कोणी पदक देत नाही.

या शर्यतीचा नियम असा की १९६८ साली जी साधनं होती तीच वापरायची. जीपीएस नाही, सेक्स्टंट. सूर्य किंवा तारा क्षितिजापासून किती अंश वर आहे हे मोजून आपण कुठे आहोत ते काढायचं. ही विद्या डोळ्यांनी समजून घ्यायची तर त्यासाठी समुद्रावर जायला नको, जयपूरला जावं. जंतरमंतरमधल्या सम्राट यंत्राची सुमारे २७ मीटर उंचीची तिरकी भिंत सरळ आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे रोखलेली आहे, आणि तिचा उतार २७ अंशांचा, कारण जयपूरचा अक्षांशच तेवढा. ध्रुवतारा क्षितिजावर जितके अंश, तितका तुमचा अक्षांश. तीच भिंत पणजीला बांधली असती तर साडेपंधरा अंशांची झाली असती. विषुववृत्त ओलांडलं की ध्रुवतारा बुडतो आणि खलाशाला दुपारच्या सूर्यावर भागवावं लागतं. हे यंत्र उभारणारे जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांना युरोपातली ग्रहगणितं पडताळून पाहायची होती, म्हणून त्यांनी १७२७ च्या सुमाराला पोर्तुगालला एक मंडळ धाडलं. ते जेझुइट पाद्री फिगेरेदो यांच्याबरोबर, गोव्याच्या वाटेने. मंडळाने ला हीर या फ्रेंच ज्योतिर्विदाची कोष्टकं आणली आणि जयसिंगांनी त्यांतल्या चुका काढल्या. राजाच्या पदरी ज्योतिर्विद होते ते सम्राट जगन्नाथ, महाराष्ट्रीय पंडित. वाळवंटाच्या कडेला बसून गोव्याच्या बंदरावरून येणाऱ्या कागदांची वाट पाहणारा राजा डोळ्यांसमोर आणला, की जयपूर समुद्रापासून वाटतं तितकं दूर नाही.

जयपूरला पाण्यावरची स्पर्धाही होऊन गेली आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमधल्या वल्ह्यांच्या शर्यती जयपूरजवळच्या जमवा रामगढ तलावात झाल्या. शिडाच्या मुंबईत, तिथे फारूक तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवलं. एके काळी जयपूर शहराची तहान भागवणारा रामगढ नंतर आटला आणि गेली अनेक वर्षं तो बहुतांशी कोरडाच राहिला. पाणलोटातल्या अतिक्रमणांचं प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आंतरराष्ट्रीय शर्यत भरवण्याइतकं पाणी एका पिढीत नाहीसं व्हावं, हे दुष्काळाने होत नाही. येणारे ओढे वेळच्या वेळी मोकळे ठेवले नाहीत की होतं.

समुद्राकाठचे नसलेले लोक मात्र समुद्रावर जाऊ लागले आहेत. ‘म्हादेई’च्याच आराखड्यावर दिवाडीला बांधलेली ‘तारिणी’ घेऊन १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून सहा महिला अधिकारी निघाल्या: वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, एस. विजया देवी आणि पायल गुप्ता. कोणी गढवालची, कोणी कुलूची, कोणी मणिपूरची. बंदराच्या शहरात वाढलेली विशाखापट्टणमची स्वाती. त्या वर्षीची दिवाळी त्यांना फ्रीमँटल गाठण्याआधी समुद्रावरच आली. प्रत्येक बंदरात पंधरवडाभर मुक्काम, आणि त्यात तीच कामं: शिडं, दोर, डोलकाठीवर चढणं, इंजिन. शेवटच्या टप्प्यात, घर जवळ आलेलं असताना, सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि वेळापत्रकात नसलेल्या पोर्ट लुईला, मॉरिशसला, थांबावं लागलं. २१ मे २०१८ ला त्या गोव्यात परतल्या. स्वागताला घरची माणसं आली होती. आठ महिने सॅटेलाइट फोनवर ऐकलेल्या आवाजांना तोंडं मिळाली.

तीच ‘तारिणी’ २ ऑक्टोबर २०२४ ला पुन्हा निघाली, या वेळी फक्त दिलना के. आणि रूपा ए. या दोघींना घेऊन, आणि मे २०२५ अखेर परतली. सात वर्षं जुनी नौका केप हॉर्नला दुसऱ्यांदा नेण्याचं धाडस करता येतं याचं श्रेय त्या दोघींच्या हिमतीला आहेच. पण डोलकाठी धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या तारांचं आयुष्य दहा-एक वर्षांचं धरतात, शिडांचं त्याहून कमी. मधल्या वर्षांत कोणी तरी हे सगळं मोजलं, काढलं, बदललं. मांडवीकाठी वेऱ्याला ‘आयएनएस मांडवी’ या तळावर नौदलाचं महासागरी नौकानयन केंद्र आहे. ‘म्हादेई’ची लाखाहून अधिक सागरी मैलांची पुण्याई आणि ‘तारिणी’च्या दोन परिक्रमा यांच्यामागची खटपट अशाच किनाऱ्यावरच्या जागी होते.

बाकी देशात हौशी माणसाला शिडाची नौका ठेवायची म्हटली तर अवघड आहे. मुंबईत गेटवेसमोर नांगरलेल्या यॉटी पावसाळ्याआधी बाहेर काढायच्या तर जागेपासून मारामार. सुटे भाग परदेशातून मागवायचे. उत्तम खलाशी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, उत्तम सुतारही. यॉट उचलून जमिनीवर ठेवणारी क्रेन आणि तिच्या शेजारी दोन महिने राहता येईल असा कारखाना, हे मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जगाला फेरी मारणाऱ्या परदेशी नौका आपला किनारा टाळून जातात त्यामागे कागदपत्रांची कटकट आहे, तसं हेही एक कारण असावं.

या पार्श्वभूमीवर गोव्यातलं अलीकडचं एक काम पाहण्यासारखं आहे. होडी इनोव्हेशन्स या कारखान्यात केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली एक जहाज शिवलं गेलं. फळ्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवून, टाके राळेने बुजवून, वरून माशाचं तेल देऊन बांधलेलं, अजिंठ्याच्या भिंतीवरच्या चित्रावरून बेतलेलं. मे २०२५ मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झालं, त्या डिसेंबरच्या अखेरीला पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोहोचलं. शिवलेल्या जहाजाचं अंग लाटेबरोबर थोडं वाकतं, म्हणून फुटत नाही. पण काथ्या कुजतो. पूर्वी अशी जहाजं ठरावीक काळाने उसवून पुन्हा शिवत. दुरुस्ती ही इथे बिघाडानंतरची गोष्ट नव्हतीच, ती बांधणीच्या वेळीच हिशेबात धरलेली असे. ‘कौंडिण्य’च्या टाक्यांनाही तेल आणि राळ देत राहावं लागणार, आणि तसे टाके घालणारे हात आज देशात फार थोडे उरले आहेत.